लोअर परळचं चित्र रत्नागिरीला न्यायचं तर : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : रोजच्या जगण्यावरच्या समकालीन चित्रांचं जिल्ह्यांतून फिरतं प्रदर्शन

महोदय, सविनय नमस्कार.

सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि त्याच वर्षांत 'इराणी रेस्टॉरंट' (1977), 'ट्रेन' (1980), 'टाउन' (1984), 'लोअर परळ' (2001) ही चित्रं रंगवली. भूपेन खक्करांनी 1972 मध्ये घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाचं चित्र काढलं. नागावच्या प्रभाकर बरव्यांनी घड्याळ, पान असल्या साध्या वस्तू कॅनव्हासवर अशा ठेवल्या की त्या पुन्हा नव्याने बघाव्या लागतात. ज्यांचं जगणं या चित्रांत आहे, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली आहेत. पटवर्धन आणि बरवे या दोघांचीही मोठी सिंहावलोकनी प्रदर्शनं 2019 मध्ये झाली, पण मुंबईत, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. खेडहून तिथवर जायचं तर एक दिवसाचा रोज बुडतो.

मोबाइलवर दिसतातच की, असं कुणी म्हणेल. बरव्यांच्या चित्रांतला रंग बहुतेकदा इनॅमल आहे, म्हणजे दारं-खिडक्यांना लावतो त्या ऑइलपेंटच्या जातीचा. त्याची चकाकी आणि वाहत जाऊन थांबलेली कड फोटोत सपाट होते. पटवर्धनांच्या मोठ्या कॅनव्हाससमोर दोन मीटरवर उभं राहिलं की चित्रातल्या माणसाचं वजन आपल्या पायांना कळतं. छापील प्रती लावून हे साधत नाही. तेव्हा मागणी मूळ चित्रांचीच आहे.

जागा आपल्याच खात्याकडे आहेत. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची संग्रहालयं नागपूर, कोल्हापूर, सांगली, औंध, रत्नागिरीत आहेत. कला संचालनालय मात्र उच्च व तंत्रशिक्षणाकडे आणि नाट्यगृहांतली कलादालनं बहुधा महापालिकांकडे. फाइल या तिघांमध्ये फिरत राहिली तर चित्रं फिरणार नाहीत, म्हणून एकच अधिकारी नेमून द्यावा.

पहिल्या फेरीला 24 चित्रं पुरेत. सरासरी 1.2 मीटर रुंदी आणि दोन चित्रांमध्ये एक मीटर अंतर धरलं तर जवळपास 53 मीटर भिंत लागते. 12 बाय 18 मीटरच्या दालनाचा परीघ 60 मीटर भरतो, पण त्यातून दारं, खिडक्या आणि स्विचबोर्ड वजा केले की हिशेब तुटतो. तिथे 18 मिमी प्लायचे, 2.4 मीटर उंचीचे, तळाशी वजन दिलेले आडोसे उभे करावेत. अतुल डोडियांच्या दुकानाच्या शटरवरच्या चित्रांचा मोह होईल, कारण शटर वर केलं की मागे दुसरं चित्र असतं. पण ती वजनदार आहेत आणि उघडझाप करायला जाणता माणूस लागतो. ती दुसऱ्या फेरीला.

सगळ्यात जास्त घोळ वेळापत्रकात होतो. आर्थिक वर्ष संपत आलं की निधी सुटतो, मार्चअखेर प्रदर्शन उरकतं आणि चित्रं उन्हाळाभर कुठल्यातरी खोलीत पडून राहतात. विदर्भातल्या मे महिन्यात ॲक्रिलिकचा थर मऊ पडतो, धूळ धरतो, त्याला टेकलेलं प्लॅस्टिक चिकटून बसतं. कोकणात जून ते सप्टेंबर बंद खोलीची आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे जाते. 65-70 टक्क्यांच्या वर ती फार काळ टिकली की कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते, कारण कॅनव्हासला दिलेला सरस हे तिचं खाद्य आहे. दमट हवेत सरस सैल होतो, कोरड्या हवेत आवळतो. दर वर्षी ही ओढाताण झाली की वरचा रंग तडकतो. त्यामुळे फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच ठेवावी. दालनात आर्द्रता 45 ते 55 टक्के असावी आणि दिवसभरात ती फार वरखाली होऊ नये. दिवसा एसी आणि रात्री बंद यापेक्षा एसी नसलेला बरा.

खोकी 12 मिमी प्लायची, आतून 50 मिमी फोमची, झाकण स्क्रूने बसणारी. खिळे ठोकलेलं झाकण पहारीने उचकटलं की पहिला धक्का चित्रालाच बसतो. चित्राच्या अंगाला ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद, त्यावर बबल रॅप, आणि त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत ठेवले तर रंगावर त्यांचे गोल ठसे उठतात आणि ते निघत नाहीत. टेम्पोत चित्रं उभीच न्यायची, प्रवासाच्या दिशेला समांतर. पोचल्यावर खोकं 24 तास उघडायचं नाही, आतल्या लाकडाला आणि कॅनव्हासला दालनाच्या हवेशी जुळवून घेऊ द्यायचं. हा एक दिवस वाचवण्याचा आग्रह नेहमी उद्घाटनाच्या तारखेपायी होतो. मोठा कॅनव्हास गुंडाळून न्यायचीच वेळ आली तर रंगाची बाजू बाहेर आणि नळकांडं किमान 30 सेंमी व्यासाचं. आपल्याकडे हौसेने नेमकं उलटं करतात, रंग आत राहिला की जपला जातो असं वाटून. आत तो चेपला जातो.

विमा भिंतीवरून निघाल्यापासून परत त्याच भिंतीवर लागेपर्यंतचा हवा, फक्त वाहतुकीचा नव्हे. प्रत्येक मुक्कामी खोकं उघडताना आणि भरताना चित्राचे समोरून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो घेऊन नोंद करावी. ओरखडा कुठे पडला हे त्याशिवाय ठरत नाही, आणि मग संग्राहक पुढच्या वेळी चित्र देत नाहीत.

भिंतीला नुकताच डिस्टेंपर मारलेला नसावा. ओली भिंत आठवडाभर तरी दमट हवा सोडत राहते. चित्राचा मध्य जमिनीपासून 150 सेंमीवर यावा. 120 सेंमी उंच चित्राची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 10 सेंमी खाली येत असेल तर हूक 150 अधिक 60 वजा 10, म्हणजे 200 सेंमीवर. दहा किलोच्या वरचं चित्र तारेवर नको, दोन हुकांवर थेट टांगावं. तैलरंग आणि ॲक्रिलिकला 200 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत, कागदावरच्या कामाला 50 लक्स उजेड पुरतो. दिवा उभ्या रेषेशी 30 अंशांत असावा, नाहीतर इनॅमलच्या चित्रात प्रेक्षकाला फक्त ट्यूबलाइट दिसते. पश्चिमेच्या खिडक्या झाकाव्यात.

समईबद्दल स्पष्टच लिहितो : ती दालनाबाहेर लावा. काजळी आणि तेलाचा थेंब रंगावरून पुसता येत नाही. मान्यवरांचा फ्लेक्स चित्रांच्या रेलवर टांगू नये. चित्राला सगळ्यात मोठा धोका चोराचा नसतो, सेल्फीसाठी मागे सरकणाऱ्याच्या पाठीवरच्या सॅकचा असतो. सॅक दाराशी ठेवून घ्याव्यात, भिंतीपासून 60 सेंमीवर जमिनीवर पट्टी आखावी.

चित्रांशेजारच्या चिठ्ठ्या मराठीत, किमान 20 पॉइंटाच्या अक्षरांत : नाव, वर्ष, माध्यम, माप आणि फार तर 50 शब्द. इनॅमलला 'तैलरंग' लिहू नये. 'चित्रकाराने मानवी अस्तित्वाचा शोध घेतला आहे' अशी वाक्यंही नकोत, ती कुठल्याही चित्राखाली चालतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना शिकवणारे ड्रॉइंगचे शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना दोन दिवस चित्रांसमोर बसवून तयार करावं. त्यांनी अर्थ सांगू नये, विचारावं : हा माणूस कुठे बघतोय? उजेड कुठून येतोय? आपल्या एसटी स्टँडवर असं कोण उभं असतं? माहिती नंतर, विचारली तर.

हे नवं नाही. पटवर्धनांनी 2008-09 मध्ये समकालीन चित्रांचं असं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून नेलं होतं. तेव्हा जे एका चित्रकाराच्या पुढाकारावर उभं राहिलं, ते खात्याच्या नियमित कामात यावं एवढंच मागणं आहे.

सप्टेंबरअखेर पाच संग्रहालयांच्या भिंतींची मापं, दरवाजांची उंची-रुंदी आणि महिनाभराची आर्द्रतेची नोंद हाती आली, तर ऑक्टोबरात खोकी बनतात. दरवाजाचं माप विसरू नये. दोन मीटरचं खोकं 1.8 मीटरच्या दारात अडकलं की ते व्हरांड्यात उघडावं लागतं.

आपले,
चित्रं रंगवणारे, बांधणारे आणि टांगणारे काही जण