लोकशाहीची नाडी पाहणारे अभ्यासक

महोदय,

लोकशाहीच्या प्रकृतीचा अभ्यास करणारे विद्वान उगाचच धोक्याची घंटा वाजवत असतात, हा आक्षेप मला पटत नाही. चिलीमध्ये १९७३ साली लष्करी उठावात राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर विमानांतून बॉम्ब पडले, तेव्हा काय घडते आहे हे कळायला तज्ज्ञांची गरज नव्हती. आता मात्र लोकशाही मोडण्याचे काम राजपत्रातील कलमे-उपकलमे करतात.

हंगेरीचेच पाहा. २०१० मध्ये दोनतृतीयांश बहुमत मिळवलेल्या सरकारने नवी राज्यघटना आणली आणि न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले. वरवर ही निव्वळ प्रशासकीय बाब. पण त्यामुळे कित्येक ज्येष्ठ न्यायाधीश एका फटक्यात घरी गेले आणि २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही तरतूद बेकायदा ठरवली, तोवर त्यांच्या अनेक खुर्च्या भरल्याही गेल्या होत्या. पुढे २०१४ मध्ये, बदललेल्या निवडणूक नियमांनुसार, सत्ताधाऱ्यांनी सुमारे ४५ टक्के मतांवर १९९ पैकी १३३ जागा जिंकल्या.

स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाची व्ही-डेम संस्था अशा बदलांची पद्धतशीर नोंद ठेवते. तिने देशांना दिलेले बरेचसे गुण तज्ज्ञांच्या मतांवर बेतलेले असतात, ही टीका (रास्तच आहे ती) मान्य करूनही मला वाटते की दोष मोजणाऱ्यांपेक्षा छापणाऱ्यांचा अधिक आहे. बातमीत केवळ देशांची क्रमवारी येते; न्यायालयांचे स्वातंत्र्य किंवा माध्यमांवरील दबाव यांचे स्वतंत्र आकडे गळतात. आपल्या वृत्तपत्राने पुढच्या वेळी तेही छापावेत, ही विनंती.

— एक नियमित वाचक