शाल नको, पेटी न्या

महोदय,

कॅनडात जन्मलेल्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांच्या पुनरागमनाला सगळे 'चमत्कार' म्हणतात, ते मला तितकंसं पटत नाही. २०१५ मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुगून त्यांचं बोलणं-चालणंच गेलं होतं. पुढे लॉस एंजेलिसच्या त्यांच्या घरी ब्रँडी कार्लाइल आणि इतर गायक मंडळी जमू लागली. आळीपाळीने गायचं, घरधनीण नुसती ऐकत बसली तरी चालेल. हळूहळू त्याही सूर लावू लागल्या. भजनी मंडळात आजारी बुवांना उचलून पेटीजवळ बसवतात, तसंच हे.

२४ जुलै २०२२ ला ही घरगुती बैठकच न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात मंचावर मांडली गेली. १९६९ नंतर त्या तिथे प्रथमच गायल्या. आवाज पार खाली उतरलेला, पण काय गोड! लहानपणी पोलिओने डावा हात अधू झाला म्हणून त्या गिटारच्या तारा आपल्या सोयीने जुळवत. आजारपणानंतर बोटं कुठे ठेवायची हे त्या स्वतःच्याच जुन्या चित्रफिती पाहून पुन्हा शिकल्या. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला २०२४ मध्ये ग्रॅमीही मिळालं.

आमच्या आळीतले ढोलकीवाले काका पक्षाघातानंतर घरीच असतात. सत्काराच्या दोन शाली आल्या, पेटी घेऊन मात्र कुणी गेलं नाही. मीही नाही. येत्या रविवारी जातो आहे.

– एक वाचक, कराड