बुधवारपासून शाळा

फुलेवाडी, कोल्हापूर
रविवार, २८ नोव्हेंबर २०२१

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

कोरोनामुळे बंद असलेली शाळा बुधवारपासून उघडायची की नाही, यावरचं काल रात्रीचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. बाबा "तुला पटेल ते कर" म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. आईनं "जेवलीस का?" विचारलं, मी "हो" म्हटलं, संपलं. जेवले नव्हते. फुलेवाडीहून मंगळवार पेठेत यायला गाडीवर पंधरा मिनिटं लागतात, सकाळी उठून तुमच्याकडे यावं असंही मनात आलं. पण समोरासमोर बसलो की बाबांचा आवाज चढतो, मला रडू येतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहितेय. हे संध्याकाळी तिकडे येतील तेव्हा पत्र देतील. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, आणि शेवटपर्यंत वाच.

बाबा, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. "वीस महिने थांबलात ना? मग अजून दोन महिने थांबला तर कुणाचं काय जातंय? आणि तो नवा विषाणू आलाय, त्याचं काय?" गुरुवारी सरकारनं जाहीर केलं की १ डिसेंबरपासून खेड्यात पहिली ते चौथी आणि शहरात पहिली ते सातवीचे वर्ग भरवायचे. शुक्रवारी जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाच्या त्या नव्या प्रकाराला ओमिक्रॉन असं नाव दिलं. मध्ये एकच रात्र. तुम्ही घाबरलात यात नवल काहीच नाही. शुक्रवारी बातम्या बघताना माझेही हातपाय गार पडले होते.

पण कुणाचं काय जातंय, ते मी रोज डोळ्यांनी बघतेय.

शुक्रवारी मी आणि आमच्या शाळेतले सर पालकांची संमतीपत्रं घ्यायला घरोघरी फिरलो. तिसरीतल्या एका मुलीच्या घरी गेले. आई ऊसतोडीला गेलेली, घरात आजी आणि ही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा ही पहिलीत होती. माझ्या वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोर, बाराखडी पाटीवर सरासर लिहायची. मला बघून पळत आत गेली, पहिलीचंच पुस्तक घेऊन आली आणि "बाई, वाचून दावू?" म्हणाली. म्हटलं, दाखव. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि कविता सुरू केली. खणखणीत आवाज, एक शब्द चुकला नाही. मग माझं लक्ष बोटाकडे गेलं. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी. पान उलटलं तेव्हा चित्र बघितलं आणि त्या चित्राची कविता म्हणायला लागली. मी मधलाच एक शब्द दाखवून विचारलं, हे काय आहे? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला मास्क होता, ओठ दिसत नव्हते, नाहीतर ओठांवरून तिनं ओळखलंही असतं. आजी मागून म्हणाली, "बाई, पोरगी लई हुशार हाय, पुस्तक तोंडपाठ हाय बगा." मी काय बोलणार?

ही तिसरीतली. दुसरीत जी आहेत, त्यांनी वर्ग कसा असतो तेच बघितलेलं नाही. तुमचा नातूही त्यातलाच. मोठ्या गटातून घरी बसला तो पहिली घरातच संपवून दुसरीत गेला. फळ्यावर लिहिलेलं बघून वहीत उतरवायचं असतं, शेजारच्याचा खोडरबर मागून घ्यायचा असतो, बाईंनी दुसऱ्याला उत्तर विचारलं की आपण गप्प बसायचं असतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

"शाळा बंद, शिक्षण सुरू" म्हणत आम्ही जे केलं ते मनापासून केलं. व्हॉट्सअॅपवर अभ्यास पाठवला, देवळाच्या ओवरीत पाच-सहा मुलं बसवली, घरोघरी वह्या तपासल्या. पण शाळेचा पट ५८, आणि धड फोन आहे तो निम्म्या घरांत. तोही वडिलांच्या खिशात. वडील शिरोलीला कारखान्यात. ते रात्री आठला घरी येणार, तेव्हा पोर पेंगत असणार, आणि नेटचा पॅक संपलेला असणार. शाळेतल्या खिचडीऐवजी कोरडा तांदूळ दिला, तो घरात सगळ्यांत वाटला गेला. तो वाटला जाणारच, त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही.

बाबा, लहानपणी तुम्हीच मला सांगितलंय, की शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या वेळचा एक रुपया! तुमच्या आजोबांना त्या दंडाच्या भीतीनं शाळेत घातलं आणि म्हणून आपल्या घरात अक्षर आलं, हे तुम्ही किती अभिमानानं सांगता. माझ्या गावात आज अशी घरं आहेत, जिथं अक्षर पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आलं होतं. ते परत निघून चाललंय.

तुमच्या भीतीबद्दलही लिहायला हवं. ती खोटी नाही. मे महिन्यात काकांसाठी आपण रात्रभर बेड शोधत फिरलो, ते मी विसरलेले नाही. एका ठिकाणी बेड होता तर ऑक्सिजन नव्हता, पहाटे मिळाला तोवर उशीर झाला होता. तुम्ही धाकट्या भावाचं तोंडसुद्धा नीट बघू शकला नाहीत. बाकीचा महाराष्ट्र जूनमध्ये मोकळा व्हायला लागला आणि आपलं कोल्हापूर कडक निर्बंधांच्या चौथ्या स्तरात अडकून राहिलं, रोजचे आकडे खाली यायचं नाव घेईनात. त्यातनं गेलेल्या माणसाला "आता काही होत नाही" असं सांगायला मी येणार नाही.

पण धोका नेमका कुणाला आहे, ते एकदा नीट बघू या. लहान मुलांना हा आजार झाला तरी बहुतेकांना तो सौम्य जातो, हे दीड वर्षात सगळ्या देशांत दिसलंय. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, जून-जुलैमध्ये रक्त तपासून चौथं सिरो सर्वेक्षण केलं, त्यात ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे शाळा बंद असतानाच निम्म्याहून जास्त पोरांना विषाणू शिवून गेला होता. कुलूप शाळेला होतं. पोरं तर लग्नात होती, बाजारात होती, गल्लीत क्रिकेट खेळत होती. आयसीएमआरचे डॉ. बलराम भार्गव यांनी जुलैमध्येच म्हटलं होतं, की शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक उघडा, आणि त्याआधी शिक्षकांचं लसीकरण पुरं करा. आपण उलटं केलं, मोठे वर्ग आधी आणि लहान सगळ्यात शेवटी. ७ ऑक्टोबरला देवळं उघडली, दिवाळीत महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. आई, तू ई-पास काढून अंबाबाईचं दर्शन घेऊन आलीस, तुझा चेहरा किती दिवसांनी उजळला होता, मलाही बरं वाटलं. मग सगळं उघडून झाल्यावर शेवटी पहिलीच्या पोराचा नंबर लागला, तर त्यालाच अजून थांब म्हणायचं, हे मला पटत नाही.

खरा धोका तुमच्या वयाला आहे. पोरगं शाळेतून घरी आणणार, त्याला दोन दिवस सर्दी होणार, आणि भोगणार तुम्ही. रात्री बाबा हेच म्हणत होते आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच शाळेत आम्ही काय करतोय ते सांगते, आणि मग तुमच्याकडे काय मागायचं ते.

आमच्या शाळेचे हाल तुम्हाला माहीत आहेत. मागच्या वर्षी मे महिन्यात मुंबईहून आलेल्यांना तिथंच चौदा-चौदा दिवस ठेवलं होतं. यंदा जुलैच्या पुरात कमरेएवढं पाणी शिरलं. गाळ गावानं काढला, भिंतींना चुना झाला, पण लाकडी खिडक्या फुगल्या त्या फुगल्याच. आदेश आला तेव्हा सगळे सॅनिटायझर, तापमान मोजायची गन आणि ऑक्सिमीटर यांच्या मागे लागले. ते आणलंय. पण हा आजार पसरतो तो बंद खोलीतल्या श्वासातनं, हवेतनं. कपाळाला गन लावून खोलीतली हवा कशी कळणार?

काल शनिवारी सरांना म्हटलं, एक करून बघू. मधल्या वर्गाची दारं-खिडक्या लावली, आत उदबत्ती पेटवली आणि बाहेर व्हरांड्यात उभं राहिलो. उदबत्ती विझल्यावर पंधरा मिनिटांनी आत गेलो. फटीतनं उन्हाची एक तिरीप येत होती, त्यात धुराचा निळसर थर तसाच तरंगत होता. हललासुद्धा नव्हता. त्याच उंचीवर, जिथं खाली बसलेल्या पोराचं नाक येतं. मग दुसरी उदबत्ती लावली, आणि यावेळी समोरासमोरच्या दोन खिडक्या सरांनी हातोडीनं ठोकून-ठोकून उघडल्या. माझ्या हातात घड्याळ होतं. चार मिनिटांत तिरिपीतला थर विरला, वाससुद्धा गेला. सर कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाई, सगळ्या खिडक्या उघडायच्या."

दुपारी गावातला सुतार आला, कडा रंधून दिल्या, पैसे घेतले नाहीत. परिपाठ वर्गात नाही, मैदानात घेणार आहोत. ऊन चढेपर्यंत पहिले दोन तास चिंचेखालीच. पहिली आणि तिसरी एक दिवस, दुसरी आणि चौथी दुसऱ्या दिवशी, म्हणजे तीन खोल्यांत मिळून तिशीच्या आत मुलं. बस्करांवर एक सोडून एक जागा, जमिनीवर खडूनं फुल्या मारल्यात. खोकला-सर्दी असेल तर घरी ठेवा, हजेरीचं काही बघणार नाही, हे प्रत्येक घरात तोंडानं सांगितलंय. ५८ पैकी ५१ संमतीपत्रं आली. उरलेल्या सात घरांवर जोर करायचा नाही, त्यांच्याही घरात म्हातारी माणसं आहेत. एसटीचा संप अजून मिटलेला नाही, त्यामुळे वाडीवरची चार पोरं कशी येणार हाच आता मोठा घोर आहे. सर म्हणतात मी गाडीवरून आणतो. दोन खेपा होतील.

आता तुमच्याकडचं.

आई, तुझा लसीचा दुसरा डोस. पहिल्यानंतर तुला दोन दिवस ताप आला, अंग मोडून गेलं, म्हणून तू टाळतेस हे मला कळतं. दोन डोसांमधले ८४ दिवस होऊन कितीतरी आठवडे लोटले. तुला साखर आहे, तुला हा डोस बाबांपेक्षा जास्त लागतो. मंगळवारी मी सुट्टी टाकून येते, आपण दोघी जाऊ, आणि रात्री मी तुझ्यापाशी राहीन. ताप आला तर मी आहे. यात मात्र मला नाही म्हणू नकोस.

दुसरं नातवाचं. दुपारभर तो रोज तुमच्याकडे असतो, तुमच्या ताटात जेवतो, बाबांच्या मांडीवर टीव्ही बघतो. पहिले पंधरा दिवस तो दुपारी खालच्या काकूंकडे राहील, मी बोलून ठेवलंय. संध्याकाळी हे त्याला घेऊन येतील, तुम्ही बाहेर सोप्यावर बसायचं, त्यानं मास्क लावून समोरच्या कट्ट्यावर. तो गळ्यात पडायला धावेल. त्याला मी समजावलंय, तुम्हीही मन घट्ट करा. आई, त्याच्यासाठी लाडू करशील ते डब्यात घालून दे. हे लिहिताना माझ्याच घशाशी येतंय, पण काकांच्या वेळचं परत नको.

आणि बाबा, एक काम फक्त तुमच्याच हातचं आहे. खिडक्या उघडल्या खऱ्या, पण नदीकडचा वारा सुटला की फळ्या धाडधाड आपटतात. पोरं दचकतात, आणि मग कुणीतरी उठून त्या लावूनच घेतं. दोऱ्यानं बांधून बघितलं, टिकत नाही. उघडी फळी भिंतीला धरून ठेवणारे लोखंडी आकडे हवेत. बाजारातले पत्र्याचे आहेत ते आठवड्यात वाकतील. तुम्ही उद्यमनगरात चाळीस वर्षं लोखंड वळवलंत, तुमच्या दोस्ताचं वर्कशॉप अजून चालू आहे. तीन खोल्या, बारा खिडक्या, प्रत्येकीला दोन फळ्या, म्हणजे चोवीस आकडे. पैसे आम्ही दोघं शिक्षक देतोय. फळीची जाडी सव्वा इंच आहे आणि फळी पूर्ण उघडल्यावर भिंतीपासून साडेतीन इंच लांब राहते, माप मी दोनदा घेतलंय. सोबत कागदावर खिडकीचं चित्र काढून दिलंय. सळई दोन सुताची पुरेल की अडीच लागेल, ते मात्र मला कळेना. तुम्ही बघून यांच्याजवळ सांगा, मंगळवारपर्यंत निदान मधल्या वर्गाचे आठ झाले तरी चालतील.

तुमची
ताई