आधी मागच्या वर्गणीचा हिशेब द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'लोकसहभागातून ग्रामविकास निधी' या विषयावर नाशिकच्या हॉटेलात झालेल्या कार्यशाळेची बातमी कालच्या अंकात वाचली. गावांनी सरकारी निधीची वाट बघणं सोडावं, स्वतःचा निधी स्वतः उभारावा आणि त्यासाठी गावकऱ्यांची मानसिकता बदलली पाहिजे, असा सगळ्या भाषणांचा सूर दिसला. वक्त्यांचं ज्ञान मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गावातून वर्गणी गोळा करायला उन्हातान्हात कोण फिरतं आणि नंतर लोकांची बोलणी कोण खातं, हे त्यांच्यापैकी कोणी सांगितलं असेल तर ते तुमच्या बातमीत आलेलं नाही. म्हणून हे पत्र.

मी सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात राहते. इगतपुरी-त्र्यंबककडे धो धो कोसळणारा पाऊस आमच्याकडे शिंतोडे उडवून पुढे जातो. गावात घरोघर नळाची जलजीवन योजना आली तेव्हा मला ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत घेतलं. समितीत निम्म्या बायका लागतात, आमच्या बचत गटाचं रजिस्टर व्यवस्थित होतं, एवढीच माझी पात्रता. गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी भरायची होती. डोंगरी आणि आदिवासी गावांना ५ टक्के, आम्ही ना डोंगरी ना आदिवासी, नुसतेच दुष्काळी. मग ठरलं की बायका मागायला गेल्या की कोणी नाही म्हणत नाही. ठरवणारे पुरुष होते, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही गेलो. कोणी म्हणालं, कांदा विकून पट्टीचे पैसे आले की देते, आणि खरंच पट्टी आल्या दिवशी आणून दिली. एका म्हातारीने पदराच्या गाठीतून नोटा काढल्या आणि पावतीवर आपलं नाव नीट लिहिलंय का ते नातवाकडून वाचून घेतलं. मजुरी करणारे दोघे भाऊ म्हणाले, ताई, पैसे नाहीत, आम्ही आमच्या वाट्याचा चर खोदून देतो. नियमात ते बसतं. वर्गणी रोख, साहित्य किंवा श्रमदान, कशानेही देता येते. पण ठेकेदार म्हणाला, माझा जेसीबी आलाय, हाताने खोदलेलं मला चालणार नाही. त्या दोघांनी उसने घेऊन पैसे भरले. लोकसहभाग म्हणजे काय ते मला तिथे कळलं. लोकांचे हात नको होते, खिसे चालत होते.

आज आमच्याकडे टाकी आहे. पाइप आहे, तो इतका वर पुरलाय की ट्रॅक्टर वळला की फुटतो. जो काँक्रीटचा रस्ता त्यासाठी खोदला तो तसाच आहे. दारोदार तोटी आहे. पहिल्या दिवशी पाणी आलं, फोटो निघाले, त्यानंतर हंडा पुन्हा डोक्यावर. आमच्या गल्लीत एकीने नळाच्या पाइपाला शेळी बांधायला सुरुवात केली, आता बऱ्याच जणी बांधतात. तेवढा उपयोग होतो, नाही म्हणता येणार नाही.

आणि विचारतात मला. गिरणीत, लग्नाच्या मांडवात, दशक्रियेलासुद्धा! ठेकेदार कुठला, अंदाजपत्रक कोणी केलं, हे लोकांना माहीत नाही. पावती माझ्या हातून घेतली, एवढं पक्कं माहीत आहे. मी अंदाजपत्रकाची प्रत मागितली तर ते इंग्रजीत आहे, तुम्हाला कळणार नाही, असं एका साहेबांनी सांगितलं. त्यांच्या काळजीबद्दल आभारी आहे. वर्गणी कुठल्या खात्यात आहे, त्यातून काय झालं, याचं उत्तर प्रत्येक टेबलावर वेगळं मिळालं. योजना नीट सुरू झाली की १० टक्के रक्कम समितीला देखभालीसाठी फिरता निधी म्हणून मिळते, असं मार्गदर्शक सूचनांत आहे. ती कधी मिळणार, असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

ग्रामसभेत विचारा, असा सल्ला कोणी देईल. विचारलं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही. म्हणजे खरी ग्रामसभा ती दुसरीच, जिथे चहा पिणारे ठरलेले चेहरे असतात. माझा प्रश्न 'ऐनवेळी येणारे विषय' यात टाकला, आणि तो विषय येईपर्यंत सतरंज्या गुंडाळायला घेतल्या होत्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा कायदा आहे. आमच्या गावात ती सभा शिपाई घरोघर रजिस्टर फिरवून घेतो. (ग्रामसेवकांचं पदनाम बदलून आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय. आम्ही भाऊसाहेबच म्हणतो आणि कारभारही भाऊसाहेबांच्याच वेळचा आहे.)

आता मानसिकतेचं बघू. आमच्या गावची यात्रा असते. उंबऱ्यामागे वर्गणी ठरते आणि पंधरवड्यात जमते, एकाही साहेबाला मानसिकता बदलायला यावं लागत नाही. कारण यात्रा झाली की सभामंडपात हिशेब वाचला जातो. मंडपाचे किती, कुस्त्यांच्या इनामाचे किती, तमाशाचे किती, शिल्लक कोणाकडे. भांडणं होतात, एकदा तर कानशिलात बसण्यापर्यंत गेलं, पण पुढच्या वर्षी वर्गणी पुन्हा निघते. बचत गटातही तसंच. दहा रुपये जुळले नाहीत तर बैठक उठत नाही. लिहिता न येणाऱ्या बाईलासुद्धा आपल्या नावावर किती जमा आहे ते तोंडपाठ असतं.

आणि उदाहरणं बाहेरून आणायची काय गरज होती? दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था वाटतात. पाणी मोजून घेतात, पाणीपट्टी स्वतः वसूल करतात, पाळी स्वतः ठरवतात. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा राज्यात २००५ साली झाला, वाघाडची माणसं त्याच्या आधीपासून हे करत होती. बागलाणात मोसम-आरम नद्यांच्या काठी फड होते, म्हणजे एकत्र पाणी घेणाऱ्या शेतांचे गट. पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला शेतकरीच नेमायचे, त्याचा मोबदलाही तेच द्यायचे. आमच्याच तालुक्यात देवनदीवरचे इंग्रजांच्या काळातले पाट गावकरी पुढे आल्यावर पुन्हा वाहते झाले. तिथे लोकांनी पैसे दिले, कारण पाणी कोणाकडे किती जाणार हे ठरवणं त्यांच्या हातात होतं. आमच्याकडे ठरवणार वरचे, भरणार आम्ही.

सरकारी निधीची वाट बघू नका, हेही गमतीचं आहे. पंधराव्या वित्त आयोगाचे २०२१ ते २०२६ या काळातले केंद्राचे पैसे गावात आले. त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेले, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. ही गरज ठरवायला ग्रामविकास आराखडा असतो आणि त्यात आमच्या ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाने, दिलेला आराखडाही जोडायचा असतो. आम्ही घरोघर फिरून तो केला. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह, अंगणवाडीला कुंपण, जनावरांना पिण्यासाठी हौद, अशा आमच्या गरजा निघाल्या. गावाची गरज मात्र पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिवा निघाली. पोर्टलवर चढवलेल्या आराखड्यात आमचं कुंपण शोधून सापडलं नाही. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात, त्यातून शिलाई मशीनचं प्रशिक्षण झालं म्हणे. कुठे झालं ते बायकांना विचारू नका.

आमच्या तालुक्यातल्या माळेगाव-मुसळगाव औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांच्या सामाजिक निधीवरही कार्यशाळेत बरंच बोलणं झालं, असं बातमी सांगते. मिळाला तर हवाच आहे. फक्त शाळेला बाकं देण्याआधी छप्पर गळतंय का, एवढं एकदा येऊन बघावं.

तेव्हा कार्यशाळेच्या संयोजकांना तुमच्यामार्फत एकच विचारते. पुढच्या निधीचं नियोजन जरूर करा, पण आधी झालेल्या लोकवर्गणीचा गाववार हिशेब मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, रंगवून लावायला कोणी तयार आहे का? तो लागला की मी स्वतः पुन्हा पावतीपुस्तक घेऊन निघते. नाही लागला तर दुसरी कोणी बघा.

जाता जाता एक. बातमीसोबतच्या फोटोखाली व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं पदांसह छापलीत आणि समोर बसलेल्यांसाठी नुसतं 'उपस्थित महिला'. त्यातली हिरव्या साडीतली आमच्या गटाची सचिव आहे. कर्जमंजुरीची बैठक आहे असं सांगून तिला जीपमध्ये बसवलं होतं. ते कर्ज बँकेत अजून अडकलेलं आहे, त्याची बातमी लावता आली तर बघा. पत्र लांबलंय, कापायचं झालं तर फोटोचं कापा, हिशेबाचं ठेवा.

आपली,
एका महिला बचत गटाची अध्यक्ष, ता. सिन्नर, जि. नाशिक
(नाव व गाव छापू नये. भाऊसाहेब पेपर वाचतात.)