आईला स्टूल देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दोन बिघडलेले सोलर कंट्रोलर (पॅनेल, बॅटरी आणि दिव्यांचा कारभार सांभाळणारे डबे) पिशवीत घालून एक बाई आणि तिचा मुलगा तुमच्या दुकानात आले होते. तो मुलगा मी. एसटी गाठायच्या घाईत तुमच्याशी नीट बोलणंच झालं नाही.

आमची वस्ती जुन्नरच्या ऊसपट्ट्यात. गोठ्याला तिन्ही बाजूंनी ऊस, आत सोळा शेळ्या, बांधावर बिबट्याचे ठसे. रात्रभर उजेड हवाच. म्हणून कंट्रोलरच्या लोड आउटपुटवर (दिवे जोडायच्या टोकांवर) रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, आणि रिलेमार्फत थेट बॅटरीवर चार फ्लडलाइट, अशी जोडणी केली होती. पहिला कंट्रोलर तीन आठवडे टिकला, दुसरा बारा दिवस. दोन्ही वेळा दिवे उजाडल्यावरही जळत राहिले, बॅटरी पार बसली आणि रात्री गोठा काळोखात. आई काठी घेऊन दारात बसून राहिली.

ज्यांनी माल विकला त्यांनी पिशवी उघडायच्या आतच सांगितलं, "लोड जास्त लावलाय, वॉरंटीत बसत नाही." कंट्रोलर १० अँपिअरचा, आमच्या रिलेची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जेमतेम दीडशे मिलिअँपिअर ओढते. कोणी मीटर लावून बघितलं नाही. वर आईदेखत म्हणाले, "अडाण्यांनी सोलरच्या नादी लागू नये." ते मला अजून टोचतंय.

तुम्ही आधी स्टूल पुसून आईपुढे ठेवलंत. मी बोलायला तोंड उघडलं, तर हात वर करून मला थांबवलंत आणि तिला विचारलंत, "ताई, रात्री गोठ्यात कोण असतं?"

"मीच."

"मग तुम्हीच सांगा. बिघाड दिवे लागताना झाला का विझताना?"

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "विझताना. रोज पहाटे टक वाजायचं. त्या दिवशी टक वाजलंच नाही."

"निम्मं काम तुम्हीच केलंत, ताई," असं म्हणालात. काका, तिचा चेहरा तुम्ही पाहिलात ना? दोन महिने तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

कॉइलचा प्रवाह अचानक तोडला की उलटं व्होल्टेज उसळतं, बाराचं शंभराच्याही वर जाऊ शकतं, आणि तो फटका रोज पहाटे कंट्रोलरच्या आतल्या मॉस्फेटला, म्हणजे आउटपुट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला, बसत होता. मॉस्फेट शॉर्ट झाला की आउटपुट बंद होत नाही, बॅटरी वाचवणारा कटऑफही जातो. हे सगळं तुम्ही तिच्याकडे बघून सांगितलंत. तो फटका जिरवणारा १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तिच्या तळहातावर ठेवलात: रिलेच्या कॉइलच्या ८५ आणि ८६ या टोकांमध्ये लावायचा, रुपेरी पट्टी प्लसकडे, उलटा लावला तर सरळ शॉर्ट. दोन रुपयांची वस्तू. मॉस्फेट बदलायचे पैसे घेतलेत, डायोडचे नाहीत. वर एक जादाही दिलात.

ज्ञान असलेली माणसं खूप भेटतात, काका. समोरच्यालाही काही कळत असेल असं धरून चालणारी फार थोडी. तालुक्याच्या गावात तुमच्यासारखं एक दुकान असलं की वस्तीवरच्या माणसाला आधार वाटतो.

त्यानंतर रोज पहाटे टक वाजतंय. जादाचा डायोड आईने देव्हाऱ्याशेजारच्या डबीत ठेवलाय. परवा शेजारच्या वस्तीवर नवा रिले बसवत होते, तर ती स्वतः जाऊन पट्टी कुठल्या बाजूला आहे ते बघून आली.

ज्वारी हुरड्याला आली आहे. शनिवारी आम्ही दोघं येतोय, दुकान बंद ठेवू नका.