विद्यार्थ्यांकडे आधी नावांची यादी मागू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी विम्याची एजन्सी घेऊच नये. अभ्यासही बुडतो आणि नातीही बिघडतात. मी बडोद्याला बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मधलं साधारण वर्षभर सोडलं तर पहिल्या वर्षापासून विम्याचं काम करते. माझा अभ्यास बुडाला होता आणि एक नातंही तुटता तुटता वाचलं. तरी त्या गृहस्थांचं म्हणणं मला पूर्ण पटलं नाही. ते का, हे सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. बाबांचं छोटं प्रिंटिंगचं काम आहे, आई दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. २०२३ साली मी कॉमर्सला प्रवेश घेतला आणि त्याच सुमारास अठरा पूर्ण झाली. विमा एजंट व्हायला वय अठरा आणि शिक्षण दहावी पास एवढंच लागतं. परीक्षा पन्नास प्रश्नांची, एका तासाची, पर्याय निवडायचे, आणि ती मराठीतूनही देता येते. मी पहिल्याच प्रयत्नात पास झाले. कॉलेज सकाळचं, दुपार मोकळी. फीचे पैसे आपले आपण काढावेत असं मनात होतं. यात चूक काही नव्हती असं मला आजही वाटतं.

चूक पुढे झाली. पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी माझ्यापुढे एक रेघी वही ठेवली. म्हणाले, "शंभर नावं लिही. काका, मामा, आत्या, शाळेतले सर, दूधवाला, सोसायटीतली माणसं. ज्यांच्या घरी तू चहा पिऊ शकतेस ती सगळी." मी रात्री जागून त्र्याहत्तर नावं लिहिली. एकेका नावासमोर नातं लिहायचा रकाना होता, तिसऱ्या रकान्यात अंदाजे उत्पन्न. आईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती बोलली काहीच नाही, फक्त वही मिटून ठेवली. त्या वेळी मला वाटलं, आईला धंद्यातलं कळत नाही.

त्र्याहत्तरांतल्या पहिल्या नावावर पहिली पॉलिसी झाली. माझी सख्खी मावशी. ती बडोद्याच्याच वाडी भागात राहते, ब्लाउज शिवते. लग्नसराईत तिला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात महिना महिना मशीन झाकलेलं असतं. तिला मी वर्षाला १८,००० रुपये हप्त्याची बारा वर्षांची बचतीची पॉलिसी दिली. तिचं उत्पन्न कसं येतं, वर्षाचा हप्ता तिला झेपेल का, तिला बचत हवी आहे की नुसतं संरक्षण, यातलं मी काही विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच मला कुणी शिकवलं नव्हतं. मावशीनंही विचारलं नाही. तिनं पर्समधून पैसे काढले आणि म्हणाली, "तू आणलंयस ना, मग सही कुठे करू सांग."

तो मार्च महिना होता. विम्याच्या धंद्यात जानेवारी ते मार्च म्हणजे हंगाम. कर वाचवायला लोक तेव्हाच धावतात आणि कंपन्यांची टार्गेटंही तेव्हाच अंगावर येतात. नेमकी त्याच वेळी दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षाही जवळ आलेली असते. संध्याकाळी सात वाजता अलकापुरीच्या ऑफिसात मीटिंग, भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे आकडा. माझ्या नावापुढे दोन. त्या सेमिस्टरला मला अकाउंट्समध्ये एटीकेटी लागली, म्हणजे तो विषय राहिला. बारावीला अकाउंट्सलाच मला सगळ्यांत जास्त मार्क होते.

सुट्टीत मी ते काम सोडलं. वही कपाटात गेली. मावशीचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला नाही, हे लिहिताना आजही वाईट वाटतं. एजंट सोडून गेला की त्याच्या पॉलिसींना कंपनीच्या भाषेत 'ऑर्फन' म्हणतात, म्हणजे अनाथ. मावशीची पॉलिसी अनाथ झाली. २०२५ च्या मार्चमध्ये हप्ता आला, एक मेसेज आला असेल, तिनं वाचला नाही. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तीही गेली. पॉलिसी बंद पडली. मला एप्रिलच्या शेवटी कळलं, तेही आईकडून. पुन्हा चालू करता येते, पण मावशीकडे तेव्हा पैसे नव्हते आणि इच्छाही उरली नव्हती. परत काही मिळणार नव्हतं, कारण तिच्या पॉलिसीला दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडरची, म्हणजे मध्येच सोडल्यावर परत मिळणारी, रक्कमच नव्हती. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलले, आता नव्या पॉलिसींना एक वर्षानंतरही काही रक्कम मिळू शकते. मावशीची पॉलिसी त्याच्या आधीची.

मी दोन शिकवण्या धरल्या आणि दर महिन्याला १,८०० रुपये मावशीला नेऊन दिले. ती घेत नव्हती. मी शिलाई मशीनच्या खणात ठेवून यायचे. या फेब्रुवारीत दहावा हप्ता दिला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. एजन्सी सोडल्यावर एस.वाय.च्या, म्हणजे दुसऱ्या, वर्षात मी विकणं पूर्ण थांबवलं आणि विमा शिकायला घेतला. मुंबईला भारतीय विमा संस्था आहे, इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, १९५५ पासूनची. तिच्या परीक्षांची लायसन्शिएट नावाची पहिली पायरी आहे. बारावी पास मुलांना देता येते. विम्याची तत्त्वं, विम्याचे कायदेकानून आणि आयुर्विमा किंवा सर्वसाधारण विमा यांतला एक, असे पेपर. मला हे आमच्या गल्लीतल्या एका काकांकडून कळलं. तीस वर्षं एजन्सी करणारे. सयाजीगंजच्या चहाच्या टपरीवर ते भेटले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पोरी, तू डॉक्टरकी न शिकता औषध दिलंस. आता शिक, मग बघू."

बी.कॉम. आणि लायसन्शिएट एकत्र करताना मला एकदाही ओढाताण वाटली नाही. उलट मर्कंटाइल लॉमध्ये जो करार शिकले तोच विम्यात पुन्हा भेटला. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी महत्त्वाचं काहीही लपवायचं नाही, हे वाचलं तेव्हा मला मावशीची सही आठवली. तिनं माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. तिच्यापुढे बारा वर्षं काय असतील हे मी सांगितलं नव्हतं. पॉलिसी हाती आल्यापासून तिसाव्या दिवसापर्यंत ती परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात, हे आता प्रत्येक घरात मी आधी सांगते. काही लोक हसतात, विकायच्या आधीच परत करायचं सांगतेस म्हणून.

काकांबरोबर मी गेल्या वर्षी पुन्हा सुरुवात केली, दुसऱ्या कंपनीत. पहिले चार महिने त्यांनी मला एकही पॉलिसी विकू दिली नाही. फक्त त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांची कामं. पत्ता बदलायचा, नॉमिनी बदलायचा, मॅच्युरिटीचा फॉर्म भरायचा, आजारी आजोबांच्या बँक खात्याचं नाव जुळवायचं. लग्न झालं की नॉमिनी बदलला का हा प्रश्न ते प्रत्येक लग्नपत्रिकेबरोबर विचारतात.

जुलैमध्ये आमच्या गल्लीतले एक शेजारी हार्ट अटॅकनं गेले. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी, वय अठ्ठेचाळीस. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, काकांना आणि मला बोलावलं. दिवाणावर एक प्लास्टिकची पिशवी. त्यात रेशनकार्ड, लाइटची बिलं, मुलीचा जन्मदाखला आणि सर्वांत खाली पॉलिसी, कडा पिवळ्या पडलेल्या, २०११ सालची. काकांनी मला मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, रद्द केलेला चेक असं एकेक वेगळं करायला लावलं. काकू एकदम म्हणाल्या, "ह्यांना बीपी होतं. फॉर्म भरताना सांगितलं होतं की नाही मला माहीत नाही. आता पैसे अडवतील ना?"

काका माझ्याकडे बघून गप्प बसले. मीच उत्तर द्यायचं होतं. चारच महिन्यांपूर्वी मी विमा कायद्याचं ४५ वं कलम पाठ केलं होतं. पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणावरून ती खोटी ठरवता येत नाही. ही पॉलिसी तर चौदा वर्षांची, आणि एकही हप्ता चुकलेला नाही. मी तसं सांगितलं. काकूंनी पदर तोंडाशी धरला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. नॉमिनी त्याच होत्या, कारण लग्नाच्या वर्षीच नाव बदलून घेतलेलं होतं. तीन आठवड्यांत रक्कम त्यांच्या खात्यात आली. मुलीची फी त्यातूनच भरली गेली.

त्या दिवशी दिवाणावर बसून मला जे कळलं ते फळ्यावरच्या आकड्यांतून कधी कळलं नसतं, आणि कलम आधी वाचलं नसतं तर त्या घरात मी निरुपयोगी ठरले असते. म्हणून त्या गृहस्थांना माझी विनंती आहे, मुलांना विम्यातून बाहेर काढा म्हणू नका. मुलांना यादी लिहायला लावणाऱ्या पद्धतीला विरोध करा. अठरा वर्षांच्या मुलाची खरी पुंजी म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसं. कंपनीनं त्या पुंजीला पहिल्याच महिन्यात हात घातला की वर्षभरात ती संपते, मग मुलगा सोडून जातो आणि मागे अनाथ पॉलिसी राहतात. विद्यार्थी एजंटला पहिले सहा महिने टार्गेटच नसावं आणि त्याच्या परीक्षेच्या महिन्यात तर नकोच. वाटल्यास त्याला क्लेमच्या टेबलावर बसवा.

याबाबतीत एलआयसीच्या विमा सखी या महिला एजंटांसाठीच्या योजनेतली एक गोष्ट मला आवडली. ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतला ती सुरू झाली. बायकांना पहिल्या वर्षी महिन्याला ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये मानधन. पण दुसऱ्या वर्षाचं मानधन पहिल्या वर्षाच्या निदान ६५ टक्के पॉलिसी चालू असतील तरच. विकलं किती यापेक्षा टिकलं किती, हे कुणीतरी मोजतंय.

कॉलेजांकडूनही एक अपेक्षा आहे. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कॉमर्स फॅकल्टीत बँकिंग आणि इन्शुरन्सचा स्वतंत्र विभाग आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला क्रेडिट आहेत. लायसन्शिएटचे पेपर दिलेल्या विद्यार्थ्याला त्याचा काही उपयोग व्हावा. विमा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर फक्त एजंट येतो. माझी एक मैत्रीण स्टॅटिस्टिक्सला आहे, गणितात अतिशय हुशार. बारावीनंतर अ‍ॅक्चुअरीची, म्हणजे विम्यातली जोखीम आणि हप्ते गणितानं ठरवणाऱ्या तज्ज्ञाची, प्रवेश परीक्षा देता येते हे तिला तिसऱ्या वर्षी माझ्याकडून कळलं. दोन वर्षं गेली तिची. नुकसान मोजणारे सर्व्हेअर असतात, कुणाला विमा द्यायचा हे ठरवणारे अंडररायटर असतात, क्लेम तपासणारे असतात, सरकारी कंपन्यांच्या अधिकारीपदाच्या परीक्षा असतात. हे कुणीतरी पहिल्या वर्षाच्या वर्गात एक तास उभं राहून सांगायला हवं.

वेळेचं म्हणाल तर तो जमतो. सकाळी साडेसात ते बारा कॉलेज, दुपारी अभ्यास, संध्याकाळी पाच ते सात कामं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला तेव्हा आठवडाभर फोन थांबत नव्हते, जुन्या पॉलिसीला लागू का, ऑफिसच्या ग्रुप विम्याचं काय. तेव्हा टेस्ट असूनही मी प्रत्येकाला उत्तर दिलं, कारण उत्तर माहीत होतं. माहीत नसलं की एका माणसाकडे चार खेपा होतात. वेळ तिथे जातो.

येत्या मार्चमध्ये माझी सहाव्या सेमिस्टरची परीक्षा आहे. ज्यांचे हप्ते मार्चमध्ये आहेत त्या एकोणीस घरांत मी फेब्रुवारीतच जाऊन आले. तारखा लिहून दिल्या, काकांचा नंबर फ्रीजवर चिकटवला. मावशीकडेही गेले होते, शेवटचे पैसे द्यायला. तिनं नव्या पॉलिसीचं विचारलं. मी म्हटलं, परीक्षा झाली की बसू, तुझी शिवणाची वही घेऊन, कोणत्या महिन्यात किती येतात ते आधी बघू.

आपल्या शैक्षणिक पानावर बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या तारखा नेहमी येतात. त्यांच्याबरोबर विमा संस्थेच्या लायसन्शिएट परीक्षेच्या आणि अ‍ॅक्चुअरीच्या प्रवेश परीक्षेच्या तारखाही छापता येतील का? दोन ओळींची जागा पुरेल. अकरावी-बारावीच्या निकालाच्या आधी आल्या तर फार बरं होईल.

आपली नम्र,
टी.वाय. बी.कॉम.ची एक विद्यार्थिनी
दांडिया बाजार, वडोदरा