दिलीपचे टाके आणि दिलीपची भूक

कोल्हापूर

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राचे उत्तर फार दिवस राहिले. माझा रक्तदाब गोळीवर ठीक आहे, माईचे गुडघे होते तसेच आहेत. आज लिहायला बसलो तो दिलीपसाठी, आणि हे तुलाच लिहिता येते, कारण माई त्याला पोळ्या मोजून वाढत असे तेव्हा आपल्या ताटातली पोळी त्याच्याकडे सरकवणारा तू एकटा होतास. त्यावरून रंकाळ्यावर आपले जे वाजले, ते भांडण माझ्या मते अजून बरोबरीत आहे. अण्णांचा पाय साखरेने गेला, हे माझे म्हणणे होते. मुलगा खरोखर भुकेला आहे, हे तुझे.

दिलीपचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, आता ३८ आहे, साखर आहे, आणि रात्री नाकावर यंत्र लावल्याशिवाय त्याला झोप येत नाही. अण्णांचे पाहिल्यापासून तो ऑपरेशनचे नाव काढू देत नाही. २०२५ मध्ये आपल्याकडे आलेली, वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शने त्याने काही महिने घेतली. त्या काळात तो मला म्हणाला होता की आयुष्यात प्रथमच जेवणाचा विचार डोक्यातून गेला आहे. पुढे खर्च झेपेना म्हणून ती बंद केली आणि वजन परत आले. यात त्याचा दोष नाही. सेमाग्लुटाइड या अशाच औषधाच्या एका मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले होते.

आता पुण्याच्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून दोन गोष्टी एकत्र करण्याचा विचार त्याच्यापुढे मांडला आहे. पहिली म्हणजे जठर आतून शिवणे. भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण घालतात, तिच्या टोकाशी टाके घालण्याचे उपकरण असते, आणि जठराच्या मोठ्या वळणाच्या कडेने आरपार टाके घेऊन ती पिशवी अरुंद व आखूड करतात. पोटावर छेद नाही, काही कापून काढणे नाही. याबद्दल माझ्या मनात फारशी शंका उरलेली नाही. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘मेरिट’ अभ्यासात २०९ जण होते. वर्षअखेर टाके घातलेल्यांचे वजन सरासरी १३.६ टक्क्यांनी उतरले, तर केवळ आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांचे ०.८ टक्क्याने. गंभीर त्रास सुमारे २ टक्के रुग्णांना झाला. शस्त्रक्रियेने याहून पुष्कळ अधिक वजन उतरते हे खरे, पण जो माणूस शस्त्रक्रियेला तयारच नाही, त्याच्यासाठी हा आधार लहान नाही.

माझी झोप उडवली आहे ती दुसऱ्या गोष्टीने. हे टाके जठराच्या वरच्या घुमटाला, ज्याला डॉक्टर फंडस म्हणतात त्याला, सहसा घालत नाहीत. आणि भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथल्याच अस्तरात तयार होते. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये ते शोधले. जठराचा मोठा भाग कापून काढतात त्या शस्त्रक्रियेत हा घुमटही जातो आणि रक्तातले घ्रेलिन उतरते. टाक्यांनी जागा कमी होते, पण घुमट जागेवर राहतो. म्हणून त्या अस्तराखाली सलाइन टोचून ते उचलून घ्यायचे, म्हणजे खालच्या थरांना इजा होत नाही, आणि मग आर्गॉन वायूच्या झोताने ते जाळायचे. जखम भरताना तो भाग आक्रसतो आणि फारसा ताणला जात नाही. २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत अशा १० महिलांची माहिती मांडली गेली: सहा महिन्यांत वजन ७.७ टक्क्यांनी उतरले, घ्रेलिन ४० टक्क्यांहून अधिक घटले.

दहा महिला, माधव! आणि त्यांचे अस्तर जाळले होते, टाके घातले नव्हते. शिवलेल्या जठराच्या माथ्यावर भाजलेला घुमट पाच-दहा वर्षांनी कसा असेल, हे दहा जणींवरून आणि सहा महिन्यांवरून कोणी कसे सांगावे? वजन उतरवण्यासाठी पोटात ठेवायच्या फुग्याला अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली होती, आणि व्रण होऊ लागले, हवा जाऊन फुगे आतड्यात अडकू लागले, तेव्हा काही वर्षांतच तो मागे घ्यावा लागला. आजचे फुगे पुष्कळ सुधारलेले आहेत, पण ती सुधारणा ज्यांच्या पोटात आधी फुगे अडकले त्यांच्या कामाची नव्हती. त्या पहिल्या रांगेत दिलीप नसावा, असे मला मनापासून वाटते.

आणि तरी त्याच्यासमोर माझे तोंड बंद होते. तो शांतपणे म्हणाला, “दादा, जागा कमी करून काय होणार, भूक तर माझ्याबरोबर घरी येणार.” सत्तेचाळीस वर्षे त्याला हावरट म्हटले गेले, आणि आज प्रथमच कोणी वैद्य म्हणतो आहे की भूक त्या घुमटात आहे, त्याच्या स्वभावात नाही. नेमका जो उपचार सर्वांत कमी तपासलेला आहे, तोच त्याच्या दुःखाला हात घालतो. त्याला ‘थांब’ म्हणायचे तरी कोणत्या तोंडाने?

माझे मत मी ठरवले आहे. टाके आधी घालावेत, आहारतज्ज्ञांकडे वर्षभर नियमित जावे, आणि घुमटाचा विचार तेव्हाही भूक छळत असेल आणि मोठे अभ्यास हाती आले असतील तरच करावा. मधल्या काळात भुकेसाठी औषध कमी मात्रेत पुन्हा सुरू करता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचे आहे. त्या औषधाच्या खर्चातला निम्मा वाटा मी उचलीन. पण हे माझ्या तोंडून त्याला पुन्हा मोजलेली पोळी वाटेल. तुझ्या तोंडून वाटणार नाही.

केतकीला इंदूरलाच नोकरी लागली, हे ऐकून फार आनंद झाला. वहिनींच्या डोळ्याचे काय ठरले ते कळव. तुझ्या बदलीबद्दल सविस्तर पुढच्या पत्रात लिहितो.

दिलीप पुढच्या सोमवारी पुण्याला जाणार आहे. त्याच्या आधी रविवारी रात्री नऊनंतर त्याला फोन कर. दुकान बंद करून तो तेव्हा एकटा असतो. मी लिहिले आहे हे सांगितलेस तरी चालेल.

तुझा,
अविनाश